मदत हवी आहे: विंचूदंशात प्राझोसिन कळलं, पण डोब्युटामिन का?

नमस्कार. एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे, सोमवारी फार्मकॉलॉजीची व्हायवा. प्रत्यक्ष रुग्ण कोणी नाही, त्यामुळे 'आधी दवाखाना गाठा' हे उत्तर नको.

लाल विंचवाच्या विषाने सोडियम चॅनेल उघडे राहतात आणि अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचा लोंढा सुटतो. दरदरून घाम, गार हातपाय, बीपी वर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन का वापरलं, ते पटतं: अल्फा-१ (वाहिन्या आवळणारे रिसेप्टर) अडवलं की रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. डोस किलोला ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. पहिल्या डोसनंतर बीपी एकदम पडू शकतं म्हणून झोपवून ठेवायचं. नुसता बीटा ब्लॉकर (बीटा रिसेप्टर अडवणारं औषध) का नको, तेही कळलं: अल्फाला मोकळं रान मिळून वाहिन्या आणखी आवळतात. (टेस्टमध्ये प्रोप्रॅनोलॉल हा बीटा ब्लॉकर लिहून मार्क घालवलेत, त्यामुळे हे जन्मात विसरणार नाही.)

अडलंय पुढे. बीपी पडलं आणि फुफ्फुसात पाणी भरलं तर डोब्युटामिन देतात. ते तर बीटा-१ (हृदयाला जोरात चालवणारे रिसेप्टर) उत्तेजक! ज्या हृदयाला कॅटेकोलामिननेच (म्हणजे त्या अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिननेच) झोडपलं, त्याला पुन्हा तोच मार? पुस्तकात 'इनोट्रोप (हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवणारं औषध) द्या' एवढीच ओळ आहे. सीनियर म्हणाला, "तोवर वादळ ओसरलेलं असतं, हृदय थकलेलं असतं." ठीक, पण इतक्या भडिमारानंतर बीटा रिसेप्टर दाद देतात का? आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडून डोब्युटामिनच का, ते वाहिन्या फारशा आवळत नाही म्हणून, की आणखी काही?