मदत हवी आहे: डिलीट केलेला ग्राहक परत इन्सर्टच होईना

मंडळी, मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये अडकलोय. ग्राहकाची रो (टेबलातली ओळ) उडवायला गेलो की फॉरेन कीचा (दोन टेबलं जोडणाऱ्या नियमाचा) एरर येतो कारण त्याच्या ऑर्डरी दुसऱ्या टेबलात आहेत, आणि ऑन डिलीट कॅस्केड (ग्राहकासोबत त्याच्या जोडलेल्या रोपण उडवणं) लावलं तर ऑर्डरीपण जातात, मग हिशोब कशाचा लावू? म्हणून डिलीट न करता नुसती डिलीटची तारीख भरायचा कॉलम टाकला. आता तोच माणूस परत आला की ईमेल युनिक (एकदाच चालणारा) असल्यामुळे डुप्लिकेट एंट्रीचा एरर! ईमेल आणि तारीख मिळून युनिक केलं, तर चालू ग्राहकाची तारीख नल (रिकामी), आणि मायएसक्यूएल एका नलला दुसऱ्या नलच्या समान धरत नाही, एकच ईमेल दोनदा घुसला, डोकंच फिरलं. पोस्टग्रेस डेटाबेससारखा पार्शल इंडेक्स (फक्त ठरावीक रोंना लागणारा) इथे नाहीये. जनरेटेड कॉलमवर (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणाऱ्या) युनिक लावून कोणी केलंय का, की सरळ जुनीच रो जिवंत करू?