सेंटओएस ७ आणि विंडोज ७ : ओपन सोर्स लायब्ररीने किती दिवस सांभाळायचं?

तुटकी_वेलांटी

नमस्कार मंडळी. माझी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर ती युनिकोडमध्ये आणते. आत सी++, वर पायथनचं आवरण. आता २.० लिहायला घेतलंय आणि त्यात सी++२० वापरायचंय, खरं तर त्यातल्या मजकूर जुळवणाऱ्या एसटीडी::फॉरमॅट या सोयीसाठीच. अडचण अशी की लिनक्सची व्हील्स (आधीच बांधलेली तयार पॅकेजं) मी अजून मेनीलिनक्स२०१४ च्या इमेजवर बांधतो, म्हणजे सेंटओएस ७ हे जुनं लिनक्स आणि जीलिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररी, आवृत्ती २.१७. तिथे जीसीसी कंपायलर १० आहे आणि एसटीडी::फॉरमॅट आलं जीसीसी १३ मध्ये. मेनीलिनक्स_२_२८ वर गेलो तर कंपायलर नवा मिळतो, पण व्हीलला जीलिबसी २.२८ लागते, म्हणून सेंटओएस ७ सुटतं.

सुटू देण्यात अडचण म्हणजे माणसं. एका विद्यापीठाच्या भाषा विभागाचं क्लस्टर अजून सेंटओएस ७ वर आहे. आणि एका तालुक्याच्या गावातल्या साप्ताहिकाचे संपादक विंडोज ७ वर आहेत, कारण डीटीपीचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल त्याच मशीनवर चालतो. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा, ते निम्मे बग या संपादकांनीच शोधून दिलेत. परवा त्यांचा मेल आला, "नवीन आलं की आमचं बंद पडणार का?" काय उत्तर देऊ?

जुना_कंपायलर

या दोघांचा विचार वेगवेगळा करा.

विंडोज ७ चा निर्णय तुमच्या हातात राहिलेलाच नाही. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला सपोर्ट थांबवला, आणि पायथनवाले त्याच तारखा पाळतात. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८, आणि तेही ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं. २.० च्या पॅकेजमध्ये 'किमान पायथन ३.९' एवढं लिहा. साप्ताहिकाच्या मशीनवरचा पिप (पायथनची पॅकेजं बसवणारा) ते वाचेल आणि मुकाट्याने तुमची शेवटची १.x उचलेल. संपादकांना कळवा की बंद काही पडणार नाही, फक्त नवं मिळणार नाही.

खरी मेख लिनक्सवर आहे. जीलिबसीसाठी असं 'किमान' लिहायला जागाच नाही, ते फक्त व्हीलच्या नावात असतं. क्लस्टरवर मॉड्यूलने पायथन ३.१० वगैरे चढवलेला असणारच, म्हणजे पायथनची अट तिथे कामाची नाही. पिप बघतो की २.० ची व्हील इथे चालत नाही, पण २.० चा सोर्स टारबॉल (मूळ कोडचं गाठोडं) तर आहे. शेजारी १.x ची चालणारी व्हील पडलेली असली तरी त्याला मोठ्या आकड्याचा मोह. मग सोर्स घेऊन बसतो बांधायला. सेंटओएस ७ चा मूळ जीसीसी ४.८.५, तो सी++२० चं नाव काढताच हात वर करतो, आणि तो भलामोठा एरर तुमच्या इश्यूंमध्ये येऊन पडतो. फक्त तयार व्हील्स घ्यायचा 'ओन्ली-बायनरी' हा पर्याय दिला तर पिप बरोबर १.x घेतो, पण तो पर्याय वापरणाऱ्याला माहीत असायला हवा ना.

म्हणून बांधणीच्या सूचना असतात त्या सीमेकच्या फाइलीत अगदी वर कंपायलरची आवृत्ती तपासा. जुना दिसला की तिथेच थांबवून एका ओळीत सांगा : दोनच्या खालची आवृत्ती घ्या. आणि १.x ची व्हील्स कधीही यँक करू नका, म्हणजे मागे घेऊ नका.

पण मुळात एका फॉरमॅटसाठी एवढा संसार हलवताय कशाला? तेच काम करणारी एफएमटी लायब्ररी सोबत ठेवा. जीसीसी १० वर मजेत चालते.

रात्रपाळी

एफएमटीचं पटलं. बाकी मी असतो तर सोडून मोकळा झालो असतो. सेंटओएस ७ ३० जून २०२४ ला संपलं, पॅकेजं कुठून घ्यायची ते सांगणारा मिररलिस्टचा सर्व्हर गेला, पॅकेजं उतरवणाऱ्या यमला व्हॉल्ट या जुन्या साठ्याकडे वळवल्याशिवाय एक पॅकेज उतरत नाही. गिटहबवर बांधणीचा जॉबच सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये चालवायचा म्हटलं तर जॉबच्या पायऱ्या चालवणारं तिथलं नोड जीलिबसी २.२८ मागतं, कोड उतरवतानाच (चेकआउट) गाडी अडते. सेंटओएस ७ ज्यावरून बनलं त्या रेड हॅट ७ चा वाढीव सपोर्ट २०२८ पर्यंत आहे, पण विकत. ज्यांना जुनं हवंय ते रेड हॅटला पैसे देतात, आणि राबायचं आपण फुकट?

जुना_कंपायलर

@रात्रपाळी राबू नका हो, पण दार आपटूही नका. जानेवारी २०२४ च्या व्हीएस कोड या एडिटरच्या १.८६ ने किमान जीलिबसी २.२८ केलं. सेंटओएस ७ आणि उबुंटू १८.०४ च्या सर्व्हरांना जोडणाऱ्यांनी एवढा गलका केला की १.८६.१ मध्ये इशारा दाखवून पुन्हा जोडू द्यावं लागलं, वर वर्षभराची सवलत. आणि कंटेनरचं म्हणाल तर व्हील्स बांधून देणारं सीआयबिल्डव्हील कंटेनरसाठी स्वतःच डॉकर चालवतं, तिथे नोडचा संबंध येत नाही.

क्लस्टरवाला

आमच्याकडेही सेंटओएस ७ होतं. नवं काही लागलं की ॲपटेनर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाची इमेज, आत उबुंटू २२.०४. जीलिबसी इमेजमधली, बाहेरचा फक्त ३.१० कर्नल. भाषा विभागाला सांगून बघा. ॲडमिनने ॲपटेनर बसवून द्यायला हवं एवढंच.

तुटकी_वेलांटी

सगळ्यांचे आभार. एफएमटी घालून २.० मेनीलिनक्स२०१४ वरच बांधून पाहिलं, बांधलं गेलं. तयार फाइल जीलिबसीतली कोणती फंक्शनं मागते ते ऑब्जडम्प या साधनाने पाहिलं तर सगळ्यात वरची आवृत्ती २.१४ निघाली, तेही एकट्या मेमसीपीवाय या फंक्शनमुळे. म्हणजे क्लस्टर सध्या तरी सुटत नाही. सीमेकची तपासणीही घातली, पुढेमागे लागेलच. संपादकांना उत्तर गेलं.

मॅकवर डिप्लॉयमेंट टार्गेट (चालायला लागणारी किमान मॅकओएस) किती ठेवता तुम्ही लोक?

रात्रपाळी

मॅकसाठी वेगळा धागा काढा राव, इथे भांडणं होतील.