सांगलीहून मालवण-तारकर्ली, मे महिना, सोबत आई आणि दोन मुलं. कसं जमवू?

हळदगल्ली (सांगली):
नमस्कार मंडळी. मुलांना सुट्टी लागली की मेमध्ये मालवणला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांची मुलं आणि सत्तरीची आई. आईचे गुडघे दुखतात, पण सिंधुदुर्ग किल्ला तिनं अजून पाहिलेला नाही आणि यंदा तिला तो दाखवायचाच आहे. घरची गाडी आहे. कधी जावं, राहावं कुठं, उन्हाचं काय करावं? जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगा.

मिरजवाला:
आधी तारीख पक्की करा, आणि ती शक्यतो 15 मेच्या आतली धरा. मे सरता सरता किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. 2025 साली तर मान्सून 25 मेलाच कोकणात उतरला होता.
रस्ता कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, कणकवली, कसाल, मालवण. निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे ना, हे विचारून घ्या. 2024 मध्ये रस्त्याच्या कामासाठी करूळ बराच काळ बंद होता. तसं काही असलं तर राधानगरीवरून फोंडा घाटानं उतरा. पहाटे पाचला सांगली सोडा. मुलांना घाटाच्या आधी दूध पाजू नका, कोरडं काहीतरी द्या. भडंग घरचंच न्या, वाटेत उपयोगी पडतं.

कराड_कोयना:
खोलीबद्दल सांगतो, आमची फसगत झाली होती. फोटोत समुद्र दारात होता, प्रत्यक्षात भर उन्हात वीस मिनिटं चालावं लागायचं. पैसे आधीच भरलेले, परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी व्हिडिओ कॉलवर खोली आणि खोलीपासून समुद्रापर्यंतची वाट, दोन्ही दाखवायला सांगतो. घरगुती निवास-न्याहारीची सोय बघा, जेवण चांगलं मिळतं. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का आणि आईंसाठी खोली तळमजल्यावर मिळेल का, हे मात्र बुकिंगच्या आधी विचाराच.

माहेर_मालवण (सासर पलूस):
दादा, माझं सगळं लहानपण त्या किनाऱ्यावर गेलं, म्हणून जरा लांबण लावते. तिकडचं ऊन आपल्या सांगलीसारखं नाही. इथं कोरडं भाजतं, तिथं घामानं माणूस गळून जातो, आणि समुद्रावर वारा असल्यानं कातडी जळतेय हे कळतही नाही. त्यामुळे अकरा ते चार पोरांना वाळूत सोडू नका. ती वेळ जेवण, झोप आणि कोकम सरबताची. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि टोपी घ्या. पाणी तहान लागायच्या आधीच पाजत राहा.
आता भरतीचं. आमच्या घरात घड्याळाआधी तिथी बघायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. हा हिशोब मुंबईचा, मालवणला भरती त्याच्या थोडी आधी येते. मुलांना पाणी चढत असताना कडेकडेनं खेळू द्या, तेही तुमचा हात धरून. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं तर पोहायला अजिबात उतरू नका. ओढ फार असते.
आणि एक कळकळीनं सांगते, चार गावं फिरू नका. तारकर्लीला एकाच घरी तीन मुक्काम करा. देवगड, वेंगुर्ला पुढच्या खेपेला.

हळदगल्ली:
ताई, खूप आभार. एकच खात्री करून द्या. किल्ल्याच्या होडीत आईला चढता येईल का? आणि आत किती चालावं लागतं?

माहेर_मालवण:
येईल, पण वेळ साधा. भरतीला होडी धक्क्याच्या जवळपास येते, ओहोटीला खाली जाते आणि मग गुडघ्यांना त्रास होतो. एकादशी-द्वादशीला भरती सकाळी आठ-नऊच्या सुमारास असते, त्या दिवशी सकाळी लवकर जा. आईंचा एकादशीचा उपवास असेल तर द्वादशीच धरा. दुपारी तीननंतर पाणी पुन्हा चढू लागतं, म्हणजे संध्याकाळी मुलांनाही खेळता येईल.
किल्ला मोठा आहे, 48 एकर, आणि सावली कमी. सगळा तट फिरवायचा हट्ट नको. दरवाजातून आत गेल्यावर शिवराजेश्वराचं मंदिर दाखवा. राजाराम महाराजांनी बांधलेलं आहे ते. मग दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या विहिरी, हे बघून आईंना किती बरं वाटेल बघा. 1664 मध्ये महाराजांनी ही जागा का निवडली, ते मुलांना तिथंच उभं राहून सांगा.

हळदगल्ली:
कॅलेंडर बघितलं. एकादशी बुधवारी, द्वादशी गुरुवारी. बुधवारी पहाटे निघतो, गुरुवारी सकाळी किल्ला. शनिवारी अमावस्या आहे, चालेल ना?

माहेर_मालवण:
अमावस्येला उधाण असतं. शनिवारी मुलांना पाण्यात उतरवू नका, नाश्ता करून थेट घाटाला लागा. आईंना पहिल्या होडीत बसवा आणि टोपीखाली ओला रुमाल द्या.