बायपास रिले आणि अर्थिंग
गाडीच्या मागच्या दिव्यांच्या वायरींना टॅप मारून (मधेच जोड देऊन) टोबारच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या दांड्याच्या, सॉकेटची वायरिंग उरकता येते, असं काही जण सांगतात. अगदी साध्या जुन्या गाडीत ते चालेल. पण बल्ब गेला की डॅशबोर्डवर सांगणारी इस्टेट (मागे लांब डिकी असलेली गाडी) असेल तर तसं अजिबात करू नका. ट्रेलरच्या बल्बांचा जादा भार आला की खोट्या सूचना येतात, कंट्रोल युनिट बिघडण्याचीही भीती असते. त्याऐवजी बायपास रिले हा वेगळा स्विच लावा; तो गाडीकडून फक्त सिग्नल घेतो आणि ट्रेलरला वीज बॅटरीवरून, फ्यूज लावलेल्या वेगळ्या वायरीने देतो. तेवढा खर्च कराच.

आता अर्थिंग, म्हणजे दिव्यांची वीज गाडीच्या पत्र्यावाटे परत बॅटरीकडे जाण्याची वाट. सात पिनांच्या सॉकेटमध्ये ३ नंबरची पांढरी वायर म्हणजे अर्थ. ब्रेक दाबल्यावर ट्रेलरचे इंडिकेटरही मिणमिणले तर आधी तीच तपासा. माझ्या गाडीत डिकीच्या कार्पेटखाली तिचा बोल्ट रंगावरच आवळला होता. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला, बोल्ट घट्ट करून वर ग्रीस फासलं, दिवे लख्ख! आणि ब्रिटनमध्ये असाल तर गाडीची पहिली नोंदणी बघा: १ ऑगस्ट १९९८ किंवा नंतरची असेल, तर त्या मॉडेलसाठी टाइप-अप्रूव्हल (अधिकृत मान्यता) मिळालेलाच टोबार लागतो.