विषय: पाचवं कोडं (बंडी) ठेवायचं की बदलायचं, उद्या संध्याकाळी छपाई

प्रेषक: कोडी समिती

मंडळी,

सरांनी गावात काल खजिना शोधायच्या खेळाची चाचणी घेतली. ठिकाणांची कोडी, म्हणजे टाकी, हापशी, घंटा, पार, सगळं ठीक. पाचवं कोडं अडलं. पुन्हा देते:

आबाजीची जुनी बंडी
झाडाखाली खाते थंडी
तिच्या आखाला बांधली
लाल सुतळीची गुंडी

चाचणीच्या दोन तुकड्यांपैकी एक तुकडी बैलबंडीकडे गेलीच नाही. छापखाना उद्या संध्याकाळी सातला बंद होतो आणि रविवारी सकाळी खेळ आहे. हो किंवा नाही एवढंच कळवा. बाकीची पाच कोडी आता उघडायची नाहीत, कृपा करून.

---

प्रेषक: सर (गावाकडून)

"गेलीच नाही" एवढ्यानं समजणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तीन पोरं तुरीच्या वावरात शिरून बुजगावण्याची बंडी चाचपून राहिली होती. बाहेरून आलेल्या घरांत बंडी म्हणजे अंगात घालायची, आणि गुंडी म्हणजे तिचं बटण. त्यामुळं पहिली आणि चौथी ओळ एकमेकींना पक्क्या धरून बसल्या. आख (चाकांमधला दांडा) हा शब्द त्यांना कळलाच नाही, तो त्यांनी सोडून दिला. उरलेली दोन पोरं "गुंडी, गुंडी" करत घसरगुंडीकडे पळाली. ते सहावं ठिकाण! म्हणजे एका कोड्यातून तीन ठिकाणं निघाली. कोडं कठीण असलं तर चालतं, दोन उत्तरांचं चालत नाही.

तुरीच्या वावराचा धुराही (बांध) तुटला. मालक काही बोलले नाहीत, पण रविवारी छत्तीस पोरं असतील.

---

प्रेषक: वरुडवाले काका

बंडी काढायची नाही. आपल्याकडं बैलगाडीला बंडीच म्हणतात, कार्यक्रम आपल्या गावात आहे, आणि पोरांना आपले शब्द कळावेत म्हणूनच तर हे चाललं आहे. उद्या सांबार काढून कोथिंबीर घाला, फल्ली काढून शेंगदाणे घाला, मग पुण्याच्या बागेतच खेळा ना.

---

प्रेषक: पुण्याची सूनबाई

काका, पुण्याचं नाव निघालं म्हणून लिहिते. बंडी काढा असं मी म्हणत नाही, गुंडी काढा म्हणते. दोन अर्थांचा शब्द कोड्यात एकच असावा, आणि दुसऱ्या ओळींनी त्यातला एक अर्थ बाद करावा. इथं दोन दुअर्थी शब्द आहेत आणि दोघे मिळून चुकीच्या अर्थाला पुष्टी देतात. थंडीसुद्धा तिकडेच झुकते, बंडी थंडीत घालतात.

आणि सांबार लिहिलं तर आमच्याकडची पोरं इडलीवाल्याकडे जातील, मेळघाट पाहिलेली हरीण शोधतील.

---

प्रेषक: अकोटच्या वहिनी

सांबर आणि सांबार यात फरक आहे. हरीण म्हणजे सांबर.

---

प्रेषक: दर्यापूरचे भाऊ

माझा मुद्दा वेगळा आहे. गेल्या वेळी टाकीपाशी जे झालं ते सगळ्यांना आठवत असेल. एक तुकडी कोडं सोडवते आणि बाकीच्या पाच तिच्या मागं पळतात. कोडं कितीही चांगलं करा, मागून येणाऱ्याला ते वाचावंच लागत नाही. समितीनं या वेळीसुद्धा १-२-३-४-५-६ असाच फेरा ठेवला आहे. सुरुवात वेगळी केली तरी क्रम तोच, म्हणून मंद तुकडीला मागची गाठते आणि मग दोघी सोबत. खाली क्रम देतो. आकडे ठिकाणांचे: १ टाकी, २ हापशी, ३ घंटा, ४ पार, ५ बंडी, ६ घसरगुंडी.

पिवळा: १ २ ६ ३ ५ ४
हिरवा: २ ३ १ ४ ६ ५
निळा: ३ ४ २ ५ १ ६
लाल: ४ ५ ३ ६ २ १
पांढरा: ५ ६ ४ १ ३ २
काळा: ६ १ ५ २ ४ ३

तपासून पाहा. कोणत्याही फेरीत एका ठिकाणी एकच तुकडी. शिवाय "तिसऱ्यावरून पाचव्याला" ही वाट फक्त पिवळ्याची, दुसऱ्या कुणाची नाही. सगळ्या वाटांचं असंच. म्हणून कुणाच्या मागं पळून फायदा नाही. पहिली ओळ जपून लिहायची, खालच्या पाच ओळी प्रत्येक आकड्यात एक मिळवून येतात, सहाच्या पुढं एक.

कोडी वाढत नाहीत. कोडं पोचायच्या ठिकाणाचं असतं, म्हणून ठिकाणं सहा तर कोडी सहाच, आणि सातवं खजिन्याचं. पाकिटं मात्र बेचाळीस: सुरुवातीला हातात द्यायची सहा, आणि प्रत्येक ठिकाणी सहा रंगांची सहा. प्रत्येक रंगाच्या शेवटच्या ठिकाणच्या पाकिटात खजिन्याचं कोडं.

---

प्रेषक: खजिनदार

बेचाळीस पाकिटं मंजूर नव्हती, वीस होती. आणि ठिकाणं गोलात दीडदीडशे मीटरवर आहेत. सरळ फेऱ्यात पाच टप्पे, ७५० मीटर. तुमच्या क्रमानं जवळच्या बाजूनं गेलं तरी एका ठिकाणाहून पुढच्याला १, २, ३, २, १ असे नऊ टप्पे, म्हणजे १३५० मीटर. सात वर्षांची पोरं आहेत.

---

प्रेषक: दर्यापूरचे भाऊ

१३५० मीटर गोलावरून गेलं तर. मधून पटांगण आहे, पोरं तिथून कापतात. आणि तासाभरात सव्वा किलोमीटर काही जास्त नाही.

---

प्रेषक: सर (गावाकडून)

पटांगणातून कापता येईल. रविवारी कापसाची गाडी तिथं लागणार नाही, विचारलं आहे. भाऊंचा क्रम घ्यावा असं माझं मत. प्रत्येक ठिकाणी वहीत तुकडीचा रंग आणि पोचल्याची वेळ लिहायला एक मोठा माणूस आहेच. त्यानं क्रमाचा कागद वहीला टाचून ठेवायचा. चुकीच्या क्रमानं आलेल्या तुकडीला पाकीट द्यायचं नाही, फक्त "अजून तुमचा नंबर नाही" म्हणायचं. हे गेल्या वेळी पाळलं नाही.

आता मांडणीचं. सुतळीची गुंडी आखाला बांधायची म्हणजे पोरं बंडीखाली वाकणार. बंडी टेकूवर उभी असते, आत पोरगं असताना कुणी दांडी ओढली तर? शिवाय झाडाखाली गोटे आहेत. एकदा का कोड्यात "खाली" आलं की पोरं प्रत्येक गोटा उलटतात, आणि गोट्याखाली विंचू राहतो. म्हणून माझा नियम: खाली, आत, मागं काहीच लपवायचं नाही. पाकीट छातीच्या उंचीवर, उघड्यावर, सुतळीनं टांगलेलं. अवघड कोडं असावं, शोधणं नाही. कुंपणाला खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या आहेत, त्या बाजूचं टांगायचं नाही. पिंपळाला वर आग्या मोहोळ आहे, तिथं शिट्टी, धूर, फटाका काही नको. आणि कितीही वाटलं तरी पाण्याच्या टाकीच्या शिडीला पाकीट बांधायचं नाही, नळाच्या खांबाला बांधायचं.

---

प्रेषक: वरुडवाले काका

गोट्याला दगड म्हणून छापाल तर चालणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

---

प्रेषक: पुण्याची सूनबाई

गोटा मला आधी खोबऱ्याचाच वाटला होता. पण कोड्यात गोटा नाहीच आहे, काका.

छपाईचं एक राहिलं. समितीनं बाहेरच्या पोरांसाठी रोमन लिपीतली प्रत काढायची म्हटली आहे. ती काढू नका. रोमनमध्ये बंडी आणि बंदी एकच दिसतात, टाकी आणि ताकी एकच, पार आणि पर एकच. कोडं म्हटल्यावर पोरं तेच धरून बसतील. त्यापेक्षा तुकडीत तीन गावातली आणि तीन आपली, बाहेरून येणारी पोरं घाला. वाचणारं गावातलं आणि घड्याळ बघणारं आपलं, म्हणजे दोघांना एकमेकांची गरज पडते.

---

प्रेषक: अकोटच्या वहिनी

छंदाबद्दल कुणीच बोलत नाही. सगळी कोडी आठ अक्षरांची आहेत ना? जोडाक्षर एक धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. हापशीचं मोजलं, बरोबर आहे:

हात धरा, मान हाले
तोंडातून पाणी चाले

टाकीचं:

चार पायांवर उभी
पोटभर पाणी प्याली
जागेवरून न हाले
गावाची तहान गेली

यात "हाले" पुन्हा आला, आणि हापशीतही पाणी, टाकीतही पाणी. पाणी शब्द दिसला की पोरं जवळच्या पाण्याकडे पळतात, पुढची ओळ वाचत नाहीत. एकातून पाणी काढा. घंटेचं "मार खाते, गाणं गाते / पोरांना ती घरी नेते" यात गाते-नेते कच्चं यमक आहे, पण पोरांना ते आवडतं, राहू द्या.

ओवीत लिहावं असं कुणी सुचवू नये. ओवीची पहिली तीन चरणं जुळतात आणि चौथं मोकळं सुटतं, पोराला वाटतं कागद फाटला.

---

प्रेषक: कोडी समिती

बाकीची कोडी उघडू नका असं मी वर लिहिलं होतं. वहिनींनी तीन उघडली. आता ही यादी वाचणाऱ्या घरांतल्या पोरांना टाकी, हापशी, घंटा कळली. ती बदलायला आता वेळ नाही, तेव्हा वाचलं असेल त्यांनी घरी तोंड बंद ठेवावं. टाकीच्या दुसऱ्या ओळीतलं "पाणी" काढून "पोटात तळं घेतली" केलं आहे, आणि "हाले"च्या जागी "जागची न सरके ती".

बंडी सुधारून:

आबाजीची जुनी बंडी
झाडाखाली खाते थंडी
बैल गेले चरायला
टेकलेली तिची दांडी

आख गेला, गुंडी गेली, बैल आले. आता अंगात घालायची बंडी बसत नाही. काकांची बंडीही राहिली.

---

प्रेषक: वरुडवाले काका

चांगलं आहे. दांडी म्हणजे शाळेला मारायची, असं कुणी म्हणणार नाही अशी आशा.

---

प्रेषक: पुण्याची सूनबाई

बैल असताना नाही म्हणणार. मला चालेल. पाकीट मात्र दांडीला नको, झाडाच्या बुंध्याला.

---

प्रेषक: खजिनदार

बेचाळीस पाकिटांसाठी खर्च वाढवून देतो, पण कागदाचं नीट ठरवा. डिसेंबरात पहाटे दव पडतं. घरच्या शाईफवाऱ्याच्या (इंकजेट) प्रिंटरवर छापलं तर दवानं शाई पसरते. लेझर प्रिंट घ्या, तिची पूड कागदाला भाजून चिकटलेली असते, पाण्यानं जात नाही. छापखान्यात लेझर आहे का, एवढं विचारा. मग लॅमिनेशनचा खर्च वाचतो. पाकिटं सात वाजता लावायची, आदल्या रात्री नाही. आदल्या रात्रीची वांदरं नेतात. चमकणारी प्लॅस्टिकची पिशवी तर आधी. खजिन्याच्या पेटीत संत्रा आहे, ती पेटी शेवटचं पाकीट फुटेपर्यंत ग्रामपंचायतीच्या खोलीत कुलपात ठेवा, व्हरांड्यात नको.

लाल आणि हिरवा ओळखू न येणारी पोरं असतात. रंगासोबत ठसा मारा. अर्धा आलू कापून त्रिकोण, चौकोन, गोल कोरला की काम होतं, शून्य खर्च.

---

प्रेषक: दर्यापूरचे भाऊ

क्यूआर कोड छापला तर कागदच लहान होईल. मजकूर कोडातच भरला तर नेटवर्क लागत नाही.

---

प्रेषक: खजिनदार

नको. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, चार ओळींचा कोड इतका दाट होतो की उन्हात फोन तो धरत नाही. आणि फोन कुणाचा?

---

प्रेषक: सर (गावाकडून)

फोन नकोच. खजिन्याचं कोडं मी वेगळं केलं आहे. खायचा सोडा आणि पाणी समसमान घेऊन काडीनं पांढऱ्या कागदावर लिहायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं, अक्षर दिसत नाही. पंचायतीपाशी एका वाटीत हळद आणि स्पिरिट कालवून कापसाच्या बोळ्यासोबत ठेवायचं. बोळा फिरवला की कागद पिवळा होतो आणि अक्षरं तांबडी उमटतात. शाळेत पोरांसमोर तीनदा करून पाहिलं. पहिल्यांदा फसलं ते वाटी साबणाची होती म्हणून, आख्खं द्रावणच लाल झालं. वाटी नुसत्या पाण्यानं धुवायची. स्पिरिट असल्यानं तिथं मोठा माणूस बसेल, आणि आसपास कुणी विडी पेटवायची नाही. या कागदाला मात्र दव लागू द्यायचं नाही, तो माझ्या खिशात.

---

प्रेषक: कोडी समिती

छपाईला पाठवते आहे. लेझर आहे, विचारलं. तीन बाय पाच इंच, जाड कागद, ठसा मी मारते. प्रत्येक ठिकाणी दोन जास्तीची पाकिटं वहीवाल्याकडे. पाच मिनिटांत कोडं सुटलं नाही तर तो इशारा देईल आणि वेळेत दोन मिनिटं वाढवेल. इशाऱ्याचे शब्द लिहून देत आहे, कुणी स्वतःचे घालू नयेत. (काका, हे तुम्हाला.) छत्तीस पाकिटांना प्रत्येकी साठ सेंटिमीटर, म्हणजे बावीस मीटर सुतळी लागेल. कुणी आणेल का?

---

प्रेषक: वरुडवाले काका

घरी आहे. आख्खी गुंडी.

---

प्रेषक: अकोटच्या वहिनी

"पोटात तळं घेतली" कसं? तळं नपुंसकलिंगी आहे. "पोटी तळं घेऊन ती" करा, आठच अक्षरं होतात. मग चौथी ओळ जुळत नाही, तिचं काय?

---

प्रेषक: कोडी समिती

टाकीचं कोडं मूळचंच छापलं.