मदत हवी आहे: शनिवारपर्यंत पैसे भरायचे आहेत, बीच रिसॉर्टला जावं की रद्द करावं?

संत्रानगरी_३१
नमस्कार मंडळी. लवकर सांगा, वेळ नाही. आम्ही सहा जण, बाहेर बीच रिसॉर्टचं पॅकेज घेतलं आहे. ४० हजार भरले, बाकीचे शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत भरायचे. आता बाबा अडून बसलेत. म्हणतात, तिकडे बॉम्ब फुटतात, टुरिस्ट बघूनच मारतात, मी येणार नाही आणि नातवंडांनाही जाऊ देणार नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कसलीतरी सूचना छापून आणली आहे, तिच्यावर पिवळ्या हायलायटरच्या रेघा. एजंट म्हणतो, ‘काही होत नाही सर.’ सेफ आहे की नाही एवढंच सांगा. गूगल कर म्हणू नका, करून झालंय, डोकं फिरलंय.

बर्डीकर
देश कुठला?

संत्रानगरी_३१
फॉरेन. बीच रिसॉर्ट म्हटलं ना. स्पीडबोट पण आहे पॅकेजमध्ये.

तर्रीबाज
अरे भाऊ, फॉरेन म्हणजे का? अंबाझरीच्या पलीकडे सारं फॉरेनच आहे आपल्यासाठी. देश सांग ना बे.

जगभर_पायपीट
बालीच असणार, सध्या निम्मं नागपूर तिकडेच आहे. बालीचं सांगतो. १२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री कुटामध्ये स्फोट झाले, २०२ माणसं गेली, त्यातले ८८ ऑस्ट्रेलियन. पहिला बॉम्ब एका पबमध्ये, पाठीवरच्या पिशवीत. लोक घाबरून रस्त्यावर पळाले आणि समोरच्या क्लबबाहेर उभी असलेली गाडी उडवली, तीच खरी मोठी होती. तेव्हापासून माझा नियम: कुठेही काही फुटलं तर गर्दीबरोबर दारासमोर उभं राहून व्हिडिओ काढायचा नाही, लांब निघून जायचं. ऑक्टोबर २००५ मध्ये पुन्हा जिंबारान आणि कुटाला स्फोट झाले. त्यानंतर मी तीनदा जाऊन आलो. बिनधास्त जा.

बर्डीकर
त्यांनी बाली म्हटलेलंच नाही अजून.

जगभर_पायपीट
म्हणतील.

धरमपेठ_दक्ष
‘बिनधास्त’ हा शब्द जरा जपून वापरा साहेब. २६ जून २०१५, ट्युनिशियातलं सूस. एकच माणूस, बीचच्या छत्रीत कलाश्निकोव्ह गुंडाळून वाळूवरून चालत आला. ३८ जण मेले, त्यात ३० ब्रिटिश. या लोकांची सुट्टी अशीच पॅकेजवरची होती. बीच रिसॉर्टची अडचण समजून घ्या: रस्त्याकडच्या गेटवर बॅग तपासतात, गाडीखाली आरसा फिरवतात, आणि समुद्राची बाजू सताड उघडी. बंदोबस्त केला तर पर्यटक म्हणतात तुरुंगात आलो का. इजिप्तच्या शर्म अल शेखमध्ये जुलै २००५ ला स्फोट झाले, तेही वाचा. ज्या गावाचं पोट पर्यटकांवर चालतं तिथे पर्यटक मारला की एका दिवसात अख्ख्या देशाचा धंदा बसतो. हल्लेखोरांचं गणित तेच असतं.

जगभर_पायपीट
म्हणून काय घरी बसायचं? १ जून २००६ ला आपल्या नागपुरातल्या महाल भागात संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला होता. लाल दिव्याच्या अँबेसेडरमधून आलेले तिघं पोलिसांनी तिथेच मारले. तेव्हा आपण नागपूर सोडून गेलो का?

धरमपेठ_दक्ष
नागपुरात माझं घर आहे. रिसॉर्टला मी हौसेने पैसे मोजून जाणार. दोन्हीत फरक आहे.

तर्रीबाज
त्या दिवशी सकाळी मी महालातच होतो जी, मामाकडे. पोहेवाल्यानं दुपारी गाडी लावली होती पुन्हा. हे उगाच आठवलं. देश सांगा देश.

संत्रानगरी_३१
बाली नाही. थायलंड.

बर्डीकर
थायलंडात कुठे? महिना कोणता? आणि बाबांच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय? इथे टाइप करा.

संत्रानगरी_३१
फुकेत ४ रात्री, क्राबी २. कागद ब्रिटिश सरकारचा आहे, त्यांच्या नागरिकांसाठी. बाबांनी रेघ मारली आहे ती ओळ: पट्टनी, याला, नराथिवात आणि सोंगख्लाचा दक्षिण भाग इथे अत्यावश्यक काम असल्याशिवाय जाऊ नये. बाबांचं म्हणणं, पट्टाया म्हणजे थायलंडच ना, तिथेच नको तर बाकी कशाला.

तर्रीबाज
याला म्हणजे कोणाला??

बर्डीकर
याला नावाचा प्रांत आहे. आणि गोंधळ इथेच झालाय. पट्टाया नव्हे, पट्टनी. पट्टाया बँकॉकजवळ, आपले लोक जातात ते. पट्टनी पार खाली, मलेशियाच्या सीमेकडे. दोन्हींत सरळ रेषेत सहाशेच्या वर किलोमीटर आहेत. पट्टनी, याला, नराथिवात हा मलय मुस्लिम बहुसंख्य भाग, तिथे २००४ पासून फुटीरतावाद्यांचा सशस्त्र संघर्ष पुन्हा पेटलाय. फुकेतहून पट्टनी तीनशेहून जास्त किलोमीटर. बाबांना नकाशा दाखवा.

धरमपेठ_दक्ष
अर्धं सांगू नका. ११ आणि १२ ऑगस्ट २०१६ ला हुआ हिन, फुकेतचं पातोंग, फांग न्गा, त्रांग, सुरत थानी अशा ठिकाणी स्फोट झाले, चार जण मेले. म्हणजे आग दक्षिणेतली असली तरी ठिणगी पातोंगपर्यंत आली होती. ‘तीनशे किलोमीटर’ हे उत्तर पुरत नाही.

बर्डीकर
मान्य. पण नकाशातला गोंधळ आधी सुटू द्या.

मीनाताई_लक्ष्मीनगर
विम्याचं कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. २०१९ च्या मे महिन्यात आमचं श्रीलंकेचं बुकिंग होतं. २१ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोतल्या तीन मोठ्या हॉटेलांत आणि चर्चमध्ये स्फोट झाले. अडीचशेच्या वर माणसं गेली, आपले अकरा भारतीय. हॉटेलांत वेळ सकाळच्या नाश्त्याची होती, माणसं बुफेशी उभी. आम्ही रद्द केलं. विमा होता. कंपनीने सांगितलं, रद्द करण्याची कारणं पॉलिसीत मोजून दिली आहेत, आजारपण, घरातला मृत्यू वगैरे. भीती वाटली हे त्यात नाही. विमानाचे थोडे परत मिळाले, हॉटेलचे बुडाले. तेव्हा संत्रानगरी, एजंटने ‘इन्शुरन्स इन्क्लुडेड’ म्हटलं असेल तर पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागा. एक पानाचं सर्टिफिकेट नको. दहशतवादी हल्ल्यात जखमी झालं तर दवाखान्याचा खर्च देतात का, आणि प्रवास रद्द झाला तर देतात का, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. आणि बाबांना बीपी, शुगर असेल तर ते आधी लिहून द्या, लपवू नका.

जगभर_पायपीट
ताई, श्रीलंकेला तर भारताने आधी माहिती दिली होती, तिथल्या सरकारने दुर्लक्ष केलं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये माजी राष्ट्रपतींनाच दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली. चूक पोलिसांची होती. आता तिकडे बंदोबस्त चांगला आहे, मी म्हणतो थायलंड सोडा आणि बेंटोटाला जा.

धरमपेठ_दक्ष
झालं, आता श्रीलंका.

कोकणवेडा_नागपुरी
मी म्हणतो तारकर्लीला काय वाईट आहे? सोलकढी, सुरमई, स्कुबा, मराठीत बोलणारी माणसं. पासपोर्ट नाही, भानगड नाही.

बर्डीकर
महिना अजून सांगितला नाहीत.

संत्रानगरी_३१
जुलै. दुसरा आठवडा. तारकर्ली नको हो, मुलांना विमानात बसायचंय.

बर्डीकर
जुलै!! हे सगळ्यात आधी सांगायचं होतं. तो किनारा अंदमान समुद्राचा. मे ते ऑक्टोबर तिथे आपल्यासारखाच पावसाळा, फुकेतच्या बीचवर लाल झेंडे लागतात, पाण्यात उतरायचं नसतं. ५ जुलै २०१८ ला फुकेतजवळ पर्यटकांची बोट वादळात उलटली, ४७ चिनी पर्यटक गेले. तुमच्या पॅकेजमधली ती स्पीडबोट बाबांच्या बॉम्बपेक्षा मला जास्त खुपते आहे. म्हणूनच पॅकेज स्वस्त पडलं असेल.

संत्रानगरी_३१
एजंट म्हणाला ‘हलका पाऊस, रोमँटिक’.

तर्रीबाज
बायको, दोन पोट्टे, आई-बाबा. भल्ताच रोमँटिक.

जगभर_पायपीट
स्कूटर भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना काढा, आरटीओत मिळतो. माझ्या मित्राचा पाय...

धरमपेठ_दक्ष
स्कूटरचं कोणी विचारलं? बाबांची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

संत्रानगरी_३१
दक्ष, उडवत नाहीये. एक सांगायचं राहिलं. वाटलं कशाला. आई-बाबा २०२५ च्या एप्रिलात काश्मीरला गेले होते, ग्रुपबरोबर. १८ तारखेला ते पहलगामला होते, बैसरनला घोड्यावरून वर गेले, गवतावर बसून मॅगी खाल्ली, आईचा फोटो आहे. २० ला नागपुरात परत. २२ ला टीव्हीवर तीच जागा. २६ माणसं. बाबांनी त्या दिवसापासून फोटोंचा अल्बम उघडला नाही, पण घोडेवाल्याने दिलेली चिठ्ठी त्यांच्या पाकिटात अजून आहे. परवा सुट्टे पैसे काढताना दिसली. मी काही बोललो नाही.

मीनाताई_लक्ष्मीनगर
अरे बाळा, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस.

धरमपेठ_दक्ष
आपल्या राज्यातले सहा जण होते त्यात. मग त्यांना आकडे सांगून उपयोग नाही. ‘शक्यता फार कमी असते’ हे चार दिवसांच्या फरकाने जीव वाचलेल्या माणसाला काय सांगणार.

जगभर_पायपीट
बरोबर. माझं ‘बिनधास्त’ मागे घेतो.

कोकणवेडा_नागपुरी
म्हणूनच तारकर्ली.

मीनाताई_लक्ष्मीनगर
कोकणवेडा, जरा थांबा हो. संत्रानगरी, तुझे बाबा नाही म्हणताहेत, पण छापील कागद आणून अभ्यास करताहेत. ज्याला जायचंच नसतं तो हायलायटर विकत आणत नाही. त्यांच्या हातात काम दे. हॉटेल त्यांना निवडू दे. खालच्या मजल्यांवरची खोली हवी, जिना जवळ हवा, रिसॉर्टला बाहेर पडायच्या वाटा किती, हे त्यांनाच विचारू दे एजंटला. आमच्या ह्यांचं असंच आहे, चार प्रश्न विचारले की माणूस शांत.

बर्डीकर
आणि तारीख पुढे ढकला. जानेवारीत समुद्र शांत असतो. रद्द करण्यापेक्षा तारीख बदलून मिळते का ते आधी विचारा, पैसे भरायच्या आधी, लेखी. थायलंडमध्ये टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, बँकॉकला आपला दूतावास आहे, दोन्ही नंबर आईच्या फोनमध्येही घाला. फक्त तुमच्या फोनमध्ये ठेवू नका.

नवा_सदस्य_७७
थायलंडला जायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, फुकट असतं, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तसंच हल्दीराम घेऊन जावं का बरोबर? माझा वेगळा प्रश्न आहे.

तर्रीबाज
वेगळा धागा काढ बाप्पा.

संत्रानगरी_३१
शुक्रवार रात्र. अपडेट. एजंट आधी ‘नॉन रिफंडेबल सर’ हेच म्हणत होता. लेखी द्या म्हटल्यावर माणशी साडेतीन हजार जास्त घेऊन जानेवारी करून द्यायला तयार झाला. पॉलिसीचा मजकूर आला, बत्तीस पानं. दहशतवादी हल्ल्यातला दवाखाना कव्हर आहे, रद्दीकरण नाही. मीनाताई, तंतोतंत.

बाबांसमोर नकाशा ठेवला. त्यांनी लेकाच्या कंपासमधली पट्टी घेतली आणि पट्टनी ते फुकेत मोजलं. मग क्राबी मोजलं. म्हणाले, हे क्राबी थोडं जवळ येतं. मी म्हटलं, क्राबी काढून टाकू. त्यावर काही बोलले नाहीत. हो म्हणालेले नाहीत, पण कागदामागे प्रश्न लिहायला घेतलेत, नऊ झालेत. पहिला: नाश्त्याच्या हॉलला दारं किती?

तो तसाच एजंटला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘सर, बुफेत इंडियन आयटम असतात, जैन पण मिळेल.’

उद्या सकाळी पुन्हा फोन करतो.