भावाला स्किझोफ्रेनिया, सातबारावर त्याचं नाव: पालकत्वाचा कागद कुठून आणायचा?

रावेरकर:
भाऊ 38 वर्षांचा, उपचार सुरू. केळीच्या मळ्यातला एक एकर विकायचाय. घेणाऱ्याचा वकील पालकत्वाचा कागद मागतो. दवाखान्यात मी त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी आहे. तेवढ्यावर भागेल? की कलेक्टर ऑफिसात अर्ज देऊ?

तापीकाठ:
नाही भागणार, भाऊ. नामनिर्देशित प्रतिनिधीचा कागद 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या कलम 14 चा. भरती, औषधं, डिस्चार्ज एवढ्यापुरताच. कलेक्टरकडची पालक नेमणारी स्थानिक समिती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची. ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे. नुसता स्किझोफ्रेनिया तिच्यात बसत नाही.

दस्तलेखक_अमळनेर:
आधी पालक लागतो का ते तरी बघा! त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 3 सांगतं की निदान झालं म्हणून माणूस विकल मनाचा (व्यवहार समजू न शकणारा) ठरत नाही, ते कोर्ट ठरवतं. भाऊ स्थिर असेल, कोणता तुकडा, काय भाव, पैसे कोणाच्या खात्यात हे स्वतः सांगत असेल तर सही त्याचीच घ्या. सोबत मानसोपचारतज्ज्ञाचं ताजं प्रमाणपत्र ठेवा. त्यात 'फॉलोअप सुरू' एवढंच नको. 'या विक्रीचं स्वरूप आणि परिणाम समजतात' असं वाक्य हवं. जनरल मुखत्यारपत्राच्या भानगडीत पडू नका. करून देणारा विकल मनाचा झाला की करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे ते संपतं, आणि खरेदीखत वादात सापडतं.

वकील_जळगाव:
समजावूनही त्याला निर्णय घेता येत नसेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 14: जिल्हा न्यायालयातून मर्यादित पालक, म्हणजे ठराविक निर्णयापुरता आणि मुदतीपुरता. अर्जात गट नंबर, क्षेत्र, विक्रीचं कारण, मुदत लिहा. 'सर्व मालमत्तेचा कायम पालक' मागू नका, या कायद्यात तशी सोयच नाही. काही जण अजून 1987 च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्याचा मसुदा चिकटवतात. तो कायदा 2018 मध्येच गेला. पालकालाही भावाशी बोलूनच निर्णय घ्यावा लागतो.

खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही जमिनीत हिस्सेदार असाल तर 2016 च्याच कायद्याचं कलम 13 आडवं येतं: हितसंबंध आड आले की दिव्यांगाला निर्णयात आधार देणाऱ्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं.

रावेरकर:
हिस्सेदार आहेच. बहीण चोपड्याला दिलीय, तिचं नाव सुचवू?

वकील_जळगाव:
तिचाही हिस्सा असेल, मग तीच अडचण. सातबारावर नसलेले मामा-काका बघा, आणि भावाच्या वाट्याची रक्कम त्याच्याच खात्यात जाईल हे अर्जातच लिहा. भावाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; दिव्यांगांना उत्पन्नाची अट नाही.